गावातली जलसंधारण योजना टिकेल का? स्वतः तपासायची पद्धत, पायरीपायरीने

कुठल्याही सरकारी योजनेचा अहवाल उघडा, पहिल्या पानावर दोन आकडे हमखास असतात: किती कामं झाली आणि किती निधी खर्च झाला. योजना संपल्यावर, साहेब बदलून गेल्यावर, पावसाने दगा दिल्यावर त्यातलं गावात काय उरलं, हे मात्र शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही. सार्वजनिक धोरणाची शाश्वतता तपासायची म्हणजे नेमकं हेच शोधायचं.

कोरडवाहू पट्ट्यातल्या गावांत जलसंधारणाची कामं तपासायला मी सुरुवात केली तेव्हा मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या गावात आम्ही चार जणांनी आठ दिवस घालवले, बंधारे मोजले, फोटो काढले. ते सगळं घेऊन ग्रामसभेत उभे राहिलो तर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "बंधारे किती ते आम्हाला ठाऊक आहे. पुढच्या दुष्काळात टँकर लागंल का न्हाई, ते सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उदाहरण म्हणून जलयुक्त शिवार अभियान घेतो, कारण राज्यातल्या बहुतेक तालुक्यांत त्याची कामं आहेत आणि कागद मिळतात. 5 डिसेंबर 2014 च्या शासन निर्णयाने ते सुरू झालं. 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा आणि त्यासाठी दरवर्षी 5,000 गावं घ्यायची, असं उद्दिष्ट होतं. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. 2020 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल विधिमंडळात आला. 120 गावं तपासून त्यांनी म्हटलं, की गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसत नाही. 2023 मध्ये दुसरा टप्पाही सुरू झाला. त्यामुळे तुमच्या गावात हा प्रश्न आजही जिवंत असणार.

पद्धत मात्र नळपाणी योजनेला, शाळेच्या सौर दिव्यांना किंवा घनकचरा प्रकल्पालाही लागू पडते. फक्त मोजायच्या गोष्टी बदलतात.

1. आधी प्रश्न कागदावर लिहा

"योजना चांगली की वाईट" हा प्रश्न घेऊन निघालात तर परत येताना फक्त मतं हाती असतील. जगभरात धोरणांचं मूल्यमापन करणारे बहुतेक जण ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे सहा निकष वापरतात. त्यांतले पाच 1991 साली मांडले गेले आणि सुसंगतीचा सहावा 2019 च्या सुधारणेत आला: समर्पकता, इतर धोरणांशी सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि शाश्वतता. शाश्वततेची त्यांची व्याख्या साधी आहे: योजनेचे निव्वळ फायदे पुढे चालू राहतात का, किंवा राहण्याची शक्यता आहे का.

या व्याख्येतल्या "निव्वळ" या शब्दाखाली रेघ ओढा. वरच्या वाडीचा फायदा खालच्या वाडीच्या तोट्यातून आला असेल, तर तो निव्वळ फायदा नव्हे.

गावासाठी मी हा मोठा प्रश्न चार तुकड्यांत मोडतो. पाणी पुरेल का? पैसा कुठून येईल? सांभाळणार कोण? आणि वाटा कुणाला मिळाला? चारही प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कागदांच्या ढिगात हरवल्यासारखं झालं की याच पानावर परत यायचं.

2. कागदपत्रं आणि साधनं गोळा करा

शिवारात जाण्याआधी हे हाताशी हवं:

- अभियानाचा गाव आराखडा आणि त्यातला पाण्याचा ताळेबंद (पाणी किती मिळतं आणि किती लागतं याचा हिशोब)
- कामांची यादी: गट क्रमांक, यंत्रणा, मंजूर रक्कम, झालेला खर्च
- प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि पूर्णत्वाचा दाखला
- काम ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केल्याचा कागद (बऱ्याचदा हाच नसतो)
- ग्रामसभेची इतिवृत्तं, निदान आराखडा मंजूर झाला त्या वर्षापासूनची
- महसूल मंडळाचा दहा-पंधरा वर्षांचा पाऊस
- तलाठ्याकडून पीकपेरा. 2021 नंतरचा असेल तर ई-पीक पाहणीचा
- तहसील कार्यालयातून टँकर आणि विहीर अधिग्रहणाची वर्षवार माहिती
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी

साधनं फार लागत नाहीत. पन्नास मीटरची टेप, टेपच्या टोकाला बांधायला वजन, जीपीएस चालणारा मोबाइल, गावाचा गट नकाशा, एक जाड वही. गाव पोकरा प्रकल्पात (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात) असेल तर तिथला ताळेबंदही मागा. त्या गावांसाठी आयआयटी मुंबईने ताळेबंदाची पद्धत तयार करून दिली होती आणि तुलनेला ती फार उपयोगी पडते.

बहुतेक कागद ग्रामसेवक, कृषी सहायक आणि तलाठी यांच्याकडे समक्ष गेलं की मिळतात. आधी तसंच जा, चहा घ्या, कशासाठी हवं ते सांगा. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार आहे. नमुना 'अ' मध्ये अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

इथे नवखे लोक हमखास फसतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, अशी मर्यादा आहे. वरची सगळी यादी एका अर्जात कोंबली की अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. मोजमाप पुस्तिकेचा अर्ज वेगळा करा, हस्तांतरणाचा वेगळा. शिवाय "कामाचा दर्जा कसा होता?" असं विचारू नका. मत मागायचं नसतं, कागद मागायचा असतो: "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची साक्षांकित प्रत."

3. योजनेची साखळी मांडा

प्रत्येक धोरणाच्या पोटात एक "असं केलं की तसं होईल" दडलेलं असतं. ते उघड करून कागदावर आणायचं. जलयुक्तची साखळी साधारण अशी: नाल्यावर काम झालं, पाणी अडलं, अडलेलं पाणी मुरलं, विहिरींची पातळी वाढली, रब्बीला पाणी पुरलं, उत्पन्न वाढलं, उन्हाळ्यात टँकर लागला नाही.

आता दोन कड्यांच्या मधल्या जागेत लिहा: हे होण्यासाठी काय खरं असावं लागतं?

अडलेलं पाणी मुरण्यासाठी खाली मुरणारा खडक हवा. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. वर मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ खडक), कुठे काळा पाषाण. मुरूम आणि भेगाळ थरात पाणी जिरतं, अखंड काळ्या पाषाणावर ते नुसतं साचून उन्हाने उडतं. नाला खोलीकरणाचा वाद इथूनच सुरू होतो. मुरमापर्यंत गाळ काढला तर पाणी मुरायला वाव मिळतो. पण पोकलेन लावून पार पाषाणापर्यंत खोदलं, तर आजूबाजूच्या मुरमात साठलेलं पाणीच पाझरून नाल्यात उतरतं. नाला भरलेला दिसतो, फोटो छान येतो आणि काठावरची विहीर एक-दोन महिने आधी आटते.

पातळी वाढली तर रब्बीला पाणी पुरेल, या कडीत तर सगळ्यात मोठं गृहीतक आहे: उपसा वाढणार नाही. ज्या गावांत योजना फसलेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेक गावांत साखळी या जागी तुटली होती. पाणी खरोखर आलं होतं. ते आलं म्हणून बोअर वाढले, ऊस आला, तिसऱ्या वर्षी पातळी होती तिथेच.

4. शिवारफेरी करा, तीही दोनदा

एक फेरी ऑक्टोबरमध्ये, एक मे महिन्यात. एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नका. ऑक्टोबरमध्ये सगळंच हिरवं असतं.

यादीतलं प्रत्येक काम गट नकाशावर शोधून तिथे उभं राहायचं. बांधाची लांबी आणि उंची मोजून मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहायची. सिमेंट नाला बांध असेल तर खालच्या बाजूला जाऊन पायथ्याशी बघा: पाण्याने तळ कोरला आहे का, दोन्ही कडांच्या मातीतून पाणी बाजूने वाट काढतं आहे का. वरच्या बाजूला काठी खुपसून गाळ मोजा. मीटरभर उंचीच्या बांधात 60 सेंटिमीटर गाळ बसला असेल, तर कागदावरची साठवण आता बरीच घटलेली आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याजवळ जरा जास्त थांबा, कारण एखादी व्यवस्था सांभाळली जाते की नाही हे तिथे डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे खांबांमध्ये बसवायच्या फळ्या, काढून ठेवायचे आणि पाऊस ओसरता ओसरता, नाल्याला वाहतं पाणी असतानाच, पुन्हा बसवायचे, असा त्याचा नेम. मी एका गावात गेलो तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. बंधारा भक्कम होता, दगडी कामाला एक चीर नव्हती, आणि पाणी दोन खांबांमधून सरळ खाली निघून चाललं होतं. बर्गे ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत रचून ठेवलेले. काहींचं रबर कुरतडलेलं, सात-आठ बर्गे कमी. बसवायला ट्रॅक्टर आणि सहा मजूर लागतात. ती मजुरी कुणी द्यायची हे ठरलं नव्हतं म्हणून महिना तसाच गेला. सरकारी यादीत ते काम "पूर्ण" होतं.

म्हणून प्रत्येक कामापुढे "आहे की नाही" एवढंच लिहून थांबू नका. तीन रकाने करा: आहे का, चालतं का, शेवटची दुरुस्ती कधी आणि कुणी केली.

5. पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडा

आराखड्यातला ताळेबंद तसाच उचलू नका. गणित अवघड नाही. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 1,000 घनमीटर पाणी होतं, म्हणजे एक टीसीएम, म्हणजेच दहा लाख लिटर. एवढं लक्षात राहिलं की पुरे.

समजा, गाव 1,000 हेक्टरचं, पाऊस 500 मिलिमीटर, लोकसंख्या 2,000.

पडलेला पाऊस: 5,000 टीसीएम.

पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला सुमारे 40 टीसीएम. 800 जनावरांना रोजचे 40 लिटर धरून साधारण 12 टीसीएम. दोन्ही मिळून 52. पडलेल्या पावसाच्या जेमतेम एक टक्का! हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. तरीही टँकर येतो, याचा अर्थ लोकांना कळायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

कठीण खडकात पावसाचा साधारण एक दशांश हिस्सा भूजलात जातो. खडकाप्रमाणे हे प्रमाण कमीजास्त होतं. इथे 500 टीसीएम धरू. नव्या-जुन्या कामांतली साठवण 150. एकूण 650, त्यातून पिण्याचं वजा केलं की ढोबळमानाने 600 टीसीएम रब्बी आणि उन्हाळ्यासाठी उरतं.

हरभऱ्याला हेक्टरी तीनेक टीसीएम पाणी लागतं. म्हणजे 200 हेक्टर हरभरा होईल. उसाला पाटाने पाणी दिलं तर हेक्टरी 20 किंवा त्याहून जास्त. म्हणजे 30 हेक्टर उसात सगळं गाव संपलं. आता पीकपेरा उघडा आणि प्रत्यक्षात काय लावलं आहे ते या आकड्याशेजारी मांडा.

सरकारी ताळेबंदात तीन चुका वारंवार दिसतात. एक, बंधारा वर्षात दोन-तीन वेळा भरतो असं धरून साठवण दुप्पट-तिप्पट दाखवलेली असते. कमी पावसाच्या वर्षी तो एकदाही पुरता भरत नाही. दोन, वरच्या बांधात अडलेलं पाणी खालच्या बांधाच्या हिशोबातही मोजलेलं असतं. तीन, साठलेलं पाणी मुरलं म्हणून भूजलातही धरलं जातं आणि साठवण म्हणून पुन्हा वेगळंही. ही तिसरी चूक माझ्याकडूनही झाली होती. वरच्या मांडणीतही साठवणीतलं किती मुरतं हे नीट पाहिलं तर 650 चा आकडा थोडा खालीच येईल. म्हणून आकडे नेहमी हात आखडूनच धरा.

हिवरे बाजारमध्ये पावसाळ्यानंतर हाच ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून त्या वर्षी कुठलं पीक किती लावायचं हे ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. त्या गावाचे बंधारे जगाने पाहिले, पण मला विचाराल तर त्या योजनेला टिकवून धरलं ते या बैठकीने आणि या बंदीने.

6. विहिरीची पातळी मोजा, आणि तुलना बरोबर करा

गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून निदान दहा-बारा विहिरी निवडा. फक्त नाल्याकाठच्या घेऊ नका. मोजणी पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी. रात्रपाळीची लाइट असेल तर रात्रभर उपसा झालेला असतो आणि सकाळची पातळी खोटी निघते, म्हणून त्या आठवड्यात लाइट दिवसा आहे की रात्री हे आधी विचारून घ्या. टेपला वजन बांधून सोडायची, पाण्याला टेकल्याचं हाताला कळतं. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहायची.

भूजल यंत्रणेच्या राज्यभर साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतली जाते. त्या नोंदींमुळे जुनी वर्षं हाती लागतात. पण ती विहीर मोठ्या पाणलोटाची प्रतिनिधी असते. तुमच्या वाडीचं तिच्यावरून ठरवू नका.

आता तुलना. "योजनेआधी मे महिन्यात पाणी 12 मीटरवर होतं, नंतर साडेनऊवर आलं, म्हणजे अडीच मीटर वाढलं." असं वाक्य मी कितीतरी अहवालांत वाचलं आहे. मधल्या काळात पाऊस किती झाला हे त्यात नसतं. शेजारचं, तसाच खडक आणि तेवढाच पाऊस असलेलं, पण योजनेत न आलेलं गाव शोधा. समजा तिथे पाणी 12.4 वरून 10.3 मीटरवर आलं, म्हणजे 2.1 मीटर वाढलं. मग तुमच्या गावात योजनेमुळे झालेली वाढ 0.4 मीटरच्या आसपास आहे. बाकीची वाढ पावसाची. दोन फरकांमधला फरक काढायची ही रीत अर्थशास्त्रज्ञ मोठमोठ्या धोरणांसाठी वापरतात आणि वहीच्या एका पानावर ती होते.

योजनेत नसलेलं गाव मिळालंच नाही तर निदान सारख्या पावसाची दोन वर्षं निवडा, एक योजनेआधीचं आणि एक नंतरचं.

7. देखभालीचा पैसा शोधा

हा भाग छोटा आहे, पण टाळू नका. कामांचा एकूण खर्च काढा आणि वर्षाला त्याच्या साधारण दोन टक्के देखभालीला लागतील असं धरा. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे. 80 लाखांची कामं असतील तर वर्षाला 1 लाख 60 हजार. आता ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात एवढी तरतूद आहे का, वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) निधीतून काही ठेवलं आहे का, पाणी वापरणाऱ्यांकडून वर्गणी येते का, ते बघा. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर तसं स्पष्ट लिहा.

मोठ्या प्रकल्पांचे लाभ-खर्चाचे तक्ते तुमच्या हाती पडले तर आधी वटाव दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, शोधा. वीस वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 10 टक्के दराने साधारण 15 रुपये होते, 3 टक्क्यांनी 55. दर चढा ठेवला की पंधराव्या-विसाव्या वर्षी गाळाने भरलेला तलाव हिशोबात जवळजवळ दिसतच नाही. नातवंडांचा तोटा असा एका आकड्यात झाकला जातो, म्हणून त्या आकड्यावर बोट ठेवायला लाजू नका.

8. पाणी कुणाच्या शेतात गेलं?

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि उसाला पाणी नाही, असे तिचे नियम होते. पन्नास वर्षं झाली. आजची योजना तपासताना मी हेच तीन नियम फूटपट्टी म्हणून सोबत नेतो.

गट नकाशावर कामांच्या जागा आणि मोठ्या खातेदारांच्या जमिनी दोन रंगांत रंगवा. बंधारे कुणाच्या विहिरीजवळ जमले आहेत ते पाच मिनिटांत दिसतं. मग प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी मोजा आणि ती कशाने भरतात ते विचारा. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारं शेततळं फार कमी सापडतं. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलेलं असेल, तर सगळ्यांचं भूजल एका कुंपणाच्या आत गेलं आणि वरून उन्हाने उडालं. सरकारी यादीत मात्र ते जलसंधारणाचंच काम असतं.

बैठक पारावर घेतलीत तर उत्तरं ठरावीक माणसांचीच येतील. बायकांशी वेगळं बोला, शक्यतो हापशापाशी, आणि सोबत एक बाईमाणूस असू द्या. "योजना कशी वाटली?" असं विचारलंत तर "चांगली आहे की" एवढंच मिळेल. मी विचारतो: "मावशी, शिमग्याच्या वेळी पाणी कुठून आणता? अक्षय तृतीयेला कुठून? किती खेपा होतात?" सणांवर बोट ठेवलं की महिना अचूक आठवतो. हेच प्रश्न दलित वस्तीत आणि वाडी-तांड्यावर स्वतंत्रपणे विचारा. गावठाणात नळाला पाणी आणि तांड्यावर टँकर, हे चित्र मी एकाच वर्षी एकाच गावात पाहिलं आहे.

आणि शिवेबाहेर पडा. ओढ्याच्या खालच्या अंगाला जे गाव आहे तिथे अर्धा दिवस द्या. वरच्या गावाने अडवलं म्हणून त्यांचा पाझर तलाव भरायचा थांबला असेल, तर तो तोटाही तुमच्याच हिशोबात येतो.

9. दुसरी धोरणं काय करताहेत ते बघा

सुसंगतीचा निकष इथे लागतो. एक खातं पाणी मुरवतं आणि दुसरं ते उपसायला मदत करतं. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा त्याने हलका झाला, हे मला मान्य आहे. पण मोटार बंद करायला वीजबिलाचं जे एक कारण होतं, तेही उरलं नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, अमलात आला 1 जून 2014 ला. त्यात 60 मीटरहून खोल विहिरींवर बंधनं आहेत. तुमच्या गावात मागच्या पाच वर्षांत बोअर किती झाले आणि किती फुटांवर गेले, ते बोअरची गाडी आणणाऱ्या एजंटाला विचारा. कायद्यातले 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. तो सहज पाचशे-सहाशे सांगेल.

एका योजनेचा अहवाल लिहिताना ही इतर धोरणं "आपल्या कक्षेबाहेर" म्हणून सोडायचा मोह होतो. सोडू नका. कमीतकमी एक पान द्या.

10. वाईट वर्षात योजना उभी करून बघा

पाऊस चांगला झाला की प्रत्येक योजना यशस्वी दिसते, म्हणून मी शेवटचा निर्णय वाईट वर्षावर ठेवतो. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 2023 मध्ये 40 तालुक्यांत. तुमचा तालुका त्यांत असेल तर त्या उन्हाळ्यात टँकर कधी सुरू झाला, किती खेपा झाल्या, किती विहिरी अधिग्रहित केल्या हे काढा आणि योजनेआधीच्या दुष्काळाशी, म्हणजे 2012-13 शी, ताडून बघा. टँकर दोन महिने उशिरा लागला असेल, तर तोही खरा लाभ आहे आणि तो लिहायलाच हवा.

मग पाचव्या पायरीचा ताळेबंद पुन्हा उघडा. पाऊस 300 मिलिमीटर धरा, भूजलात मुरणारं प्रमाण थोडं खाली आणा, साठवण अर्धी धरा. पिण्याचे 52 टीसीएम तेवढेच राहतात. उरलेल्यात किती हेक्टर बसतं? आणि त्या वर्षी उपसा थांबवायचा निर्णय गावात कोण घेऊ शकतं, असा ठराव ग्रामसभेने कधी केला आहे का, तो पाळला गेला का? यापैकी एकाचंही उत्तर "हो" आलं तर त्या गावाबद्दल माझा विश्वास वाढतो, मग बंधाऱ्याला चार चिरा का असेनात.

11. अहवाल लिहा आणि गावासमोर ठेवा

दहा पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या पानावर चार प्रश्नांची चार उत्तरं, प्रत्येकासमोर पुरावा: कुठला कागद, कुठली विहीर, किती जणांनी सांगितलं. शंभरपैकी गुण देऊ नका. पाण्याला 80 आणि वाट्याला 20 मिळालेल्या गावाची सरासरी 50 निघते आणि तांड्यावरचा टँकर त्या 50 मध्ये गडप होतो.

जिल्ह्याला पाठवण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा. वादावादी होईल, ती होऊ द्या. एका गावात आम्ही "बंधारा क्रमांक सहा निकामी" असं लिहिलं होतं. मागून एक जण उठला आणि म्हणाला, त्या बंधाऱ्यामुळे त्याच्या आईच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहतं. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलं, तो खरं बोलत होता. अहवाल दुरुस्त केला. अधिकाऱ्यांची नावं घेऊन आरोप करू नका, काम आणि तारीख लिहा. दुरुस्तीची मागणी करताना कामाचा गट क्रमांक आणि अंदाजे खर्च लिहिला, तर ती पुढच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालता येते.

निघण्याआधी एक काम राहतं. मोजलेल्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर, टेप सोडली त्याच दगडावर, लाल ऑइलपेंटने बाण काढा आणि शेजारी विहिरीचा क्रमांक लिहा. पुढच्या मे महिन्यात तुम्ही याल किंवा शाळेतली दोन मुलं येतील, टेप त्याच बाणावरून सोडायची. नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि तिची एक प्रत शाळेत.